एक-तीन-चार-दोन

"चूक कुठेही लपून बसू दे, मी ती शोधून काढणार म्हणजे काढणार!" शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत अनुस्वारराव म्हणाले, आणि पुढच्या सहा दिवसांच्या सत्यानाशाचा नारळ तिथेच फुटला.

अनुस्वारराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. अंगाने लहान, गोल आणि कायम दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेले! म्हणून छापखान्यात कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की रागावल्यावर बायकोसुद्धा तेच वापरायची. सव्वीस वर्षं हातात लाल पेन. दवाखान्यात ताप घेऊन गेले आणि भिंतीवरच्या पाट्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून आले, असा माणूस!

या वेळची चूक मात्र कागदावर नव्हती. ती गाडीत होती.

गाडी सासऱ्यांची. बावीस वर्षांची, फिकट हिरवी. सासरे गेले आणि जाताना गाडी जावयाला देऊन गेले. दिवसभर गाडी गुणी मुलासारखी वागायची, पण सकाळी थंड असताना किल्ली फिरवली की खड्-खड्-फुस्! खड्-खड्-फुस्! एक पाय दुखावलेल्या म्हशीला कोणी पळायला लावावं, तशी ती जागच्या जागी हिंदकळायची. आरसे थरथरायचे, अनुस्वाररावांचे गाल थरथरायचे. आणि चार मिनिटांनी एकदम चिडीचूप! इंजिन गरम झालं की लोण्यासारखं मऊ. जणू काही झालंच नव्हतं.

एरवी चार मिनिटं कोणीही सोसली असती. पण येत्या शुक्रवारी सकाळी सातला त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

हे ऑपरेशन याआधी दोनदा हुकलं होतं. पहिल्यांदा हॉस्पिटलातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं म्हणून सासूबाई उठून आल्या. दुसऱ्यांदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. "बंद घड्याळ, बंद लिफ्ट," त्या म्हणाल्या, "आता तिसरं काय बंद पडायचं राहिलंय, ते कळतं हो मला!" आणि डोळ्यावर हात ठेवून घरी आल्या त्या आल्याच. तिसऱ्यांदा तयार झाल्या त्या एका अटीवर.

"ह्यांच्या गाडीतून जाईन. गाडी नीट निघाली तर ऑपरेशन. कुरकुरली तर मी घरी!"

"आई, टॅक्सी सांगू या ना," अनुस्वाररावांची बायको म्हणाली. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. गळ्यात शिट्टी, आवाज मैदानभर पुरेल असा.

"परक्या गाडीतून मी डोळा द्यायला जाणार नाही."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. "अहो, गाडी आजच गॅरेजात टाका."

"टाकतो. पण चूक मीच शोधणार!" असं म्हणून अनुस्वाररावांनी कोरी वही काढली आणि वर लिहिलं: 'इंजिन. शुद्धिपत्र.'

रविवारी सकाळी साडेसहाला ते वही घेऊन खाली उतरले. इमारतीच्या मागच्या आवारात, त्यांच्याच बाल्कनीखाली गाडी उभी असायची. त्यांनी नोंद केली: 'बॉनेटवर दव. हवा प्रसन्न. किल्ली फिरवली. खड्-खड्-फुस्. चार मिनिटे.' आणि 'फुस्'चा पाय मोडायचा राहिला होता, तो लाल पेनाने मोडला.

सोमवारी गॅरेज. ते आठला उघडायचं आणि तिथे जायला दहा मिनिटं लागायची. म्हणजे गाडी पोहोचेपर्यंत गरम. मिस्त्रींनी कान लावला आणि म्हणाले, "साहेब, हे तर बासरीसारखं वाजतंय."

"आता वाजतंय हो! सकाळी रडतं!"

"मग रडताना आणा."

रडताना आणायची कशी? सुरू केली की चार मिनिटांत शहाणी होते. सुरू न करता आणायची म्हणजे ढकलत! मंगळवारी सकाळी तेही केलं. अनुस्वारराव स्टिअरिंगवर, बायको मागे. (उलट का नाही, हा प्रश्न दोघांनीही एकमेकांना विचारला नाही. उत्तर मागून ढकलणाऱ्या दंडांकडे बघितल्यावर कळत होतं.) बायको शिट्टीच्या तालावर ढकलत होती, गाडी थंडगार, मुकाट चालली होती, गॅरेजची पाटी दिसायला लागली होती. अनुस्वाररावांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात फिरायला निघालेले एक ट्रॅकसूटवाले काका धावत आले. "थांबा बाई, मी येतो!" ते गाडीला भिडले आणि सेनापतीच्या आवाजात गरजले, "दुसरा टाका! क्लच सोडा!"

अनुस्वाररावांना नको म्हणायचं होतं, अगदी मनापासून. पण सव्वीस वर्षं मालकाच्या हाकेवर उठलेला माणूस तो! त्यांच्या डोक्याने 'नको' म्हणेपर्यंत हाताने दुसरा गिअर टाकला होता आणि पायाने क्लच सोडला होता. खड्-खड्-फुस्! गाडी उसळली, सुरू झाली आणि उताराने निघालीच!

"बघा! झाली की नाही चालू?" काका टाळ्या वाजवत मागे राहिले.

"बंद करा! बंद करा!" बायकोने ओरडून शिट्टी फुंकली. शिट्टी ऐकून अनुस्वारराव आणखी घाबरले आणि ब्रेकऐवजी त्यांनी हॉर्न दाबला. गॅरेज मागे टाकून, लांबचा वळसा घालून गाडी परत गॅरेजच्या दारात थांबली तेव्हा ती बासरीसारखी वाजत होती.

मिस्त्रींना दया आली. "साहेब, असं करा, आज गाडी इथेच ठेवून जा. उद्या सकाळी थंड असताना मी स्वतः सुरू करतो."

बुधवारी आठला अनुस्वारराव गॅरेजात हजर. मिस्त्रींनी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! खड् नाही, फुस् नाही, काही नाही!

"असं कसं होईल?" अनुस्वारराव बॉनेटवर वाकले.

"होतं. काही गाड्यांना घरचं वातावरण मानवत नाही." मिस्त्री हसू दाबत म्हणाले. मग अनुस्वाररावांचा चेहरा बघून गंभीर झाले. "हे बघा, घरी थंड असताना सुरू करा. खडखडत असताना प्लगची एकेक वायर उपटायची आणि परत लावायची. चार पिस्टन आहेत. जागा पिस्टन असेल तर वायर काढल्यावर आवाज अजून बिघडेल. ज्याची काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो झोपलाय. मग पुढचं बघू. आणि हातात रबरी मोजे घाला बरं का!"

आता गाडी पुन्हा थंड व्हायला हवी. संध्याकाळपर्यंत अनुस्वाररावांना अन्न गोड लागेना. दिवसाला एकच संधी, तीही चार मिनिटांची! परीक्षेचा पेपर रोज चार मिनिटं दाखवून काढून घ्यावा, तसं चाललं होतं. शुक्रवार तोंडावर आलेला. सासूबाई मधूनमधून विचारायच्या, "जावईबापू, गाडी बरी आहे ना?" आणि अनुस्वारराव घाईघाईने वहीत तोंड खुपसायचे. त्या आवाजात गाडीबद्दलची काळजी होती, की ती बरी नसावी अशी आशा, हे त्यांना कळत नव्हतं.

गुरुवारपर्यंत थांबायचं म्हणजे उपाय करायला वेळच नाही. म्हणून त्यांनी शक्कल लढवली. वायरी काढायच्याच आहेत, तर एकेक कशाला? सगळ्याच काढू, स्वच्छ पुसू, टोकं घासू आणि नव्यासारख्या लावू! चूक कुठल्याही वायरीत असो, एकदम सगळं शुद्ध!

बुधवारी संध्याकाळी त्यांनी चारही वायरी काढल्या. प्रत्येक वायरीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली: एक, दोन, तीन, चार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्या इतक्या चकचकीत केल्या, की बायकोला वाटलं नव्या आणल्या. लावायला गेले तेव्हा प्रश्न पडला. वायरींची एकीकडची टोकं प्लगवर जायची. तिथे प्लग एका रांगेत, एक-दोन-तीन-चार, काही अडचण नाही. पण दुसरी टोकं एका गोल टोपणात खोचायची होती, आणि त्या टोपणावर आकडे नव्हते. त्यांनी गाडीचं जुनं माहितीपुस्तक काढलं. सासऱ्यांनी ते कपाटात जपून ठेवलं होतं. त्यात टोपणाची आकृती होती आणि खाली छापलं होतं: 'क्रम: १-३-४-२.'

अनुस्वारराव थबकले. चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जसं जुना शत्रू बाजारात भेटल्यावर पसरतं.

"अगं, इकडे ये! हे बघ! बावीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही!"

"काय?"

"एक-तीन-चार-दोन! मोजायलासुद्धा येत नाही यांना! दोन आकडा घसरून शेवटी गेलाय. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची डुलकी, दुसरं काय!"

"अहो, गाडी बनवणाऱ्यांना माहीत नसेल का?"

"बनवणाऱ्यांना असेल. छापणाऱ्यांना नव्हतं!"

त्यांनी लाल पेन काढलं, 'दोन'ला गोल केलं, बाण ओढून त्याला त्याच्या 'योग्य' जागी बसवलं आणि समासात लिहिलं: 'दुरुस्ती केली.' मग खाली जाऊन वायरी लावल्या: एक-दोन-तीन-चार.

गुरुवारी त्यांना धीर धरवेना, पावणेसहालाच ते खाली उतरले. आवारात चिटपाखरू नव्हतं. बायको शिट्टीसकट मागोमाग आली. बॉनेट आज कोरडं होतं, पण तिकडे लक्ष द्यायला त्यांना कुठे वेळ होता! त्यांनी खोल श्वास घेतला आणि किल्ली फिरवली.

धडाम!!

मागच्या नळीतून असा बार उडाला, की आवारातली सगळी कबुतरं एकदम आकाशात गेली. दुसऱ्या गाडीचा भोंगा बोंबलायला लागला. खिडक्या धडाधड उघडल्या. बायकोने सवयीने शिट्टी फुंकली. शर्यत सुटली आहे असंच तिला वाटलं म्हणे! काळ्या धुरातून अनुस्वारराव दार उघडून बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

वरून, बाल्कनीतून, आवाज आला.

"जावईबापू! काय फुटलं?"

"क… काही नाही आई! कोणीतरी… दार आपटलं!"

"दार? ह्यांची गाडी होती ती. मला आवाज कळतो." मग हळू आवाजात, "मी नाही जायची उद्या. डॉक्टरांना कळवून टाका."

अनुस्वारराव गाडीच्या चाकाशी मटकन बसले. सव्वीस वर्षांत ज्याने दुसऱ्याची एकही चूक पोटात घातली नाही, त्याच्या पोटात आज स्वतःची केवढी थोरली चूक बसली होती! ऑपरेशन तिसऱ्यांदा हुकणार. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर केला तर अवघड होईल. सासूबाईंनी गेल्या महिन्यात भरल्या पातेल्याला रिकामं समजून हात पोळून घेतला होता. आणि आता हे, त्यांच्यामुळे! एका दोनच्या आकड्यामुळे!

"रडत बसू नका," बायको म्हणाली. "मी मिस्त्रींना फोन लावते."

मिस्त्री भले माणूस. सव्वासहाला स्कूटरवरून आले. बॉनेट उघडून टोपण बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"ह्या वायरी कोणी लावल्या?"

अनुस्वाररावांनी माहितीपुस्तक पुढे केलं. मिस्त्रींनी लाल बाण बघितला, समासातलं 'दुरुस्ती केली' बघितलं. खांदे तेवढे हलत होते.

"साहेब," शेवटी डोळे पुसत ते म्हणाले, "पिस्टन रांगेत पेटत नसतात. एक, तीन, चार, दोन, असेच पेटतात. ओळीने पेटले तर इंजिन हिंदकळून खिळखिळं होईल. पुस्तक बरोबर आहे."

"छापलेलं… बरोबर होतं?"

"अक्षर न् अक्षर."

असं वाक्य अनुस्वाररावांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. ते बाजूला सरकून उभे राहिले.

मिस्त्रींनी वायरी बदलल्या आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू! खडखड नाही, फुसफुस नाही. थंड इंजिन आणि बासरी!

"बघा! हिला काहीच झालेलं नाही," मिस्त्री इंजिनावर वाकून कान लावत म्हणाले. "मी पहिल्यापासून म्हणतोय, तुमचा भास…"

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला, कारण वरून पाण्याची धार आली आणि थेट त्यांच्या मानेवर पडली! उरलेली इंजिनावर. मिस्त्री ओरडले, इंजिनातून वाफ निघाली, आणि… खड्-खड्-फुस्! खड्-खड्-फुस्!

तिघांनीही वर बघितलं.

बाल्कनीत सासूबाई उभ्या होत्या. हातात झारी. कठड्यावर गुलाबाच्या चार कुंड्या, चारही वाळून कोळ झालेल्या. आणि सासूबाई मोठ्या निगुतीने, कुंड्यांच्या वीतभर पुढे, हवेत पाणी घालत होत्या.

मिस्त्रींनी मानेवरचं पाणी पुसलं आणि तीन नंबरच्या प्लगच्या खोबणीत बोट घातलं. बोट ओलंचिंब. वायरीचं रबर तिथेच तडकलेलं. "सापडलं! रोज हेच होत असणार. पाणी बॉनेटच्या जाळीतून गळतं, इथे साठतं, तीन नंबर झोपतो. इंजिन तापलं की पाणी उडून जातं. माझ्या गॅरेजात बाल्कनी नाही, म्हणून तिथे काही नाही! साहेब, तुम्हाला सकाळी बॉनेट ओलं दिसलं नाही?"

"दिसलं," अनुस्वारराव पुटपुटले. "दव… म्हणून नोंद केली होती."

"बाकीच्या गाड्यांवर पडत नव्हतं का दव?"

अनुस्वाररावांनी वही पाठीमागे लपवली.

बायकोने ओठांवर बोट ठेवून दोघांना गप्प राहायची खूण केली. पण सासूबाईंचे डोळे गेले होते, कान नव्हते. झारी खाली ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत त्या खाली आल्या.

"म्हणजे माझे गुलाब मातीमुळे नाही मेले," त्या म्हणाल्या.

त्यांनी गाडीच्या दिशेने मान वळवली.

"आणि ह्यांच्या गाडीत मीच पाणी ओतत होते. किती दिवस?"

"आई, अगं, थोडंसंच," बायको म्हणाली.

सासूबाईंनी चाचपत बॉनेटवर हात ठेवला. "मला भीती वाटते गं. घड्याळ आणि लिफ्ट ही सगळी निमित्तं. आत्ता धुरकट का होईना, दिसतंय. पट्टी काढली आणि हेही नसलं तर? म्हणून मी वाट बघत होते, काहीतरी बंद पडावं म्हणून."

अनुस्वारराव पुढे आले. अशा वेळी काय बोलावं हे त्यांना कळत नसे. दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारणं सोपं असतं. त्यांनी माहितीपुस्तक उघडलं.

"आई, इथे बरोबर छापलेलं होतं. मी त्यावर लाल पेन चालवलं. सकाळचा बार त्याचा होता, दाराचा नव्हता. तुम्हाला मोतीबिंदू आहे, म्हणून कुंडी दिसली नाही. मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं, वर चष्मा होता. तरी मी गाडी उडवली! तुमचं ऑपरेशन तरी आहे. माझ्यावर काय करणार?"

सासूबाईंच्या खांद्यांना हिसका बसला. अनुस्वाररावांना वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या!

"तुमच्या सासऱ्यांनीसुद्धा एकदा रेडिओ असाच 'नीट' केला होता," त्या म्हणाल्या. "आठवडाभर घरात जळका वास होता." मग पदराने डोळे पुसून मिस्त्रींकडे, म्हणजे मिस्त्रींच्या स्कूटरकडे, तोंड करून म्हणाल्या, "ती वायर बदला हो. उद्या सातला जायचंय."

शुक्रवारी पहाटे गाडीवर ताडपत्री, झारी कपाटात आणि कपाटाची किल्ली बायकोच्या शिट्टीच्या दोरीला. अनुस्वाररावांनी डोळे गच्च मिटून इंजिन सुरू केलं. एक आवाज नाही! उलट आवाज येत नाही म्हणून ते इतके घाबरले, की सुरू असलेल्या गाडीची किल्ली पुन्हा फिरवली आणि ती कर्कश किंचाळली.

"काय झालं?" मागून सासूबाईंचा घाबरा आवाज.

"काही नाही आई! मीच! गाडी नाही, मी!"

"मग ठीक आहे. चला."

ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपलं. अनुस्वाररावांनी ती वीस मिनिटं हॉस्पिटलच्या बाकावर बसून काढली आणि समोरच्या पाटीवर 'शांतता'तला अनुस्वार चक्क गायब होता, तरी त्यांनी खिशातलं पेन बाहेर काढलं नाही. यावरून त्यांची अवस्था कळावी.

शनिवारी पट्टी निघाली. सासूबाई मुलीचा हात धरून हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरल्या आणि मधेच थांबल्या. झाडाकडे बघितलं. "पानं सुटी सुटी दिसतात गं!" मुलीकडे बघितलं. "तुझ्या हनुवटीवरचा तीळ! मी विसरलेच होते." मग फाटकातल्या गाडीकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. "रंग अजून तसाच आहे. ह्यांनी दोन दिवस भांडून निवडला होता."

अनुस्वाररावांची छाती फुगली. डोळे पाणावले. सहा दिवसांची तगमग, बार, धूर, अपमान, सगळं सार्थकी लागलं! त्यांनी मागचं दार उघडलं आणि आदराने कमरेत वाकून म्हटलं, "बसा, आई."

सासूबाई बसायला वाकल्या आणि तशाच थबकल्या. नजर अनुस्वाररावांच्या डोक्यावर.

"अगं बाई! जावईबापू, तुमचे केस कुठे गेले?"

"आई, ते… आठ वर्षं झाली जाऊन."

"आठ वर्षं!" सासूबाई सीटवर टेकल्या, विचारात पडल्या आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी सरळ मनाने विचारलं, "मग रोज सकाळी कंगवा घेऊन अर्धा अर्धा तास न्हाणीघरात काय करता हो?"

पलीकडच्या दाराने आत बसत बायको म्हणाली, "विचार गं आई, विचार. माझी आठ वर्षं हिंमत झाली नाही."